काळ्यावर पांढरं

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या गल्लीत
माझं दुकान म्हणजे एक स्टूल आणि वर अर्धा पत्रा.
पोरं येतात, ४१४१ चं दादा करून द्या म्हणतात.
देतो. पोलिसांनी धरलं तर मी तुम्हाला ओळखत नाही.

खेमाणीशेठ पहिल्यांदा आले ते सायकलवर,
कॅरिअरला रबरी पट्ट्यांचं भेंडोळं.
मला नुकतं मिसरूड फुटलेलं.
म्हणाले, "अदा, कंपनीचा पाटी पाहिजे. नाव मोठा काढ,
कंपनी अजून छोटा आहे."
मराठी शिकले ते पिंपरीच्या छावणीत,
बराकीबाहेर, पाण्याच्या रांगेत,
तिथे वाक्य पुरं व्हायच्या आत
बादली पुढे सरकवावी लागते.
उधारी ठेवली नाही. साडेचार रुपये,
आणि आईने लाटलेल्या पापडांचा एक पुडा.

पट्ट्यांचे पाइप झाले, पाइपांचा भोसरीत कारखाना,
कारखान्याला कामगार, कामगारांना युनियन,
आणि युनियनचा फलकही माझ्याच हातचा.
शेठना कळलं. गेटपाशी थांबून वाचला.
"अक्षर चांगला काढलास," एवढंच म्हणाले.

मग गाड्या.
मुंढव्याच्या शेडमध्ये एकेक ओढून आणली,
कोंबड्यांनी अंडी घातलेली ऑस्टिन,
डिकीत मुंगसाचं बाळंतपण झालेली ब्यूक,
एक अशी, की नुसती चासी आणि भोंगा.
तेवीस. प्रत्येकीची पाटी मी रंगवली,
काळ्यावर पांढरं, जुन्या वळणाचं, शेपटीवाला सात.
शेठ एकही चालवत नसत.
पुढे बसत नसत, मागेही नाही.
फूटबोर्डवर टेकायचे, चहाची बशी गुडघ्यावर,
आणि मोकळ्या हाताने टायर चाचपायचे, गरम आहे का.
वर्षानुवर्षं जागच्या न हललेल्या गाडीचा टायर.

साठी उलटली तेव्हा कुठल्याशा बेटांच्या देशाने
त्यांना पुण्यातला मानद वाणिज्यदूत नेमलं.
देश एवढासा, की शाळेच्या नकाशात
ठिपका छापखान्याचा की माशीचा, सांगता येईना.
कोरेगाव पार्कात कचेरी. दारावर राजचिन्ह, त्यात पोपट.
पोपट मी काढला. चोच जरा वाकडी झाली.
त्या देशाकडून तक्रार आली नाही.
तिकडच्या हॉटेलांत नोकरीला निघालेली पोरं यायची,
कोणी लातूरचं, कोणी सांगवीचं,
शेठ शिक्क्यावर आधी फुंकर घालत, मग उठवत,
वर विचारत, "घरी सांगितलंस ना? सगळ्यांना?"

स्वतः शिकारपूरचा व्हिसा तीनदा मागितला.
तीनदा आला नाही.

चौथ्यांदा अर्ज केला नाही. माझ्याकडे आले.
हातात चिठ्ठी नाही, चार आकडे तोंडपाठ.
"लॉरीचा नंबर आहे. कराचीच्या धक्क्यावर आम्हाला उतरवला,
आणि परत गेली, बाबांना आणायला.
दुकानाला कुलूप लावून येतो म्हणाले होते.
मी आठ वर्षांचा. मागचा पाटी वाचत उभा राहिलो,
धुळीत जाईपर्यंत.
चेहरा विसरलो, अदा. नंबर नाही विसरला."

बाबा आले का, ते मी विचारलं नाही.
गाडी कुठाय, एवढं विचारलं, माप लागतं म्हणून.
"गाडी नाही. तू पाटी कर."
दोन हात दिले. पैसे घेतले,
न घेतले असते तर रागावले असते.

शेठ गेल्यावर मुलांनी शेड रिकामी केली.
बावीस गाड्या एकाच बड्या माणसाने नेल्या,
चासी भंगारात.
धाकटा पाटी घेऊन आला वर्तमानपत्रात गुंडाळून,
"काका, ही कुठल्याच गाडीला बसत नाही. तुमचीच आहे का?"
मी हो म्हणालो.

आता पाट्या सरकारी छापाच्या, चकचकीत.
ब्रश रॉकेलच्या डब्यात पडून असतात.
दादावाली पोरं मात्र अजून येतात चोरून.
परवा हवालदार आला, पत्र्याखालच्या खिळ्याकडे बघून म्हणाला,
"हा नंबर कुठल्या गाडीचा?"
म्हटलं, यायचीय.
त्याने वहीत काहीतरी टिपलं,
आणि मग स्टुलाजवळच्या पोराकडे वळला.
त्याला मी ओळखत नव्हतो.